बरणी परत आली नाही

शाळेच्या फुटबॉल संघात मी लेफ्ट आऊट होतो. डाव्या कडेने खेळणाऱ्याला तेव्हा तसंच म्हणत, आणि त्यातला ‘आऊट’ हा शब्द आमच्या पीटीच्या सरांनी जरा जास्तच मनावर घेतला होता. ज्या मुलाला संघात घेणं भाग आहे (चेंडू माझा होता), पण ज्याच्यामुळे खेळाचा खोळंबा होऊ नये, त्याला ते रेषेला चिकटून उभं करत. रेषेच्या पलीकडे भेळवाला बसायचा. चेंडू चुकून आलाच तर पुढे ढकलायचा आणि परत येऊन भेळेच्या वासात उभं राहायचं. त्या जागेवर मी तीन वर्षं काढली. इतकं निवांत मला पुढे कुठल्याही नोकरीत उभं राहता आलं नाही.

ही जागा २०२४ च्या नोव्हेंबरात, माझ्या वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, एका पोर्तुगीज माणसाने माझ्याकडून काढून घेतली. त्याला बिचाऱ्याला हे माहीतही नाही.

झालं असं. दर रविवारी सकाळी सात ते आठ आम्ही कोथरूडला एक टर्फ घेतो. हिरवं प्लॅस्टिकचं गवत, चारी बाजूंनी जाळी आणि एका बाजूला सात माणसं. एक तास खेळतो ते पुढचे दोन तास अमृततुल्यात बसून इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेड या क्लबबद्दल बोलायचा हक्क मिळावा म्हणून. मंडळी ठरलेली आहेत. एक सीए. एक दातांचे डॉक्टर, जे नेहमी गोलकीपर असतात, कारण हात जपायला हवेत असं ते म्हणतात आणि मग हातानेच चेंडू अडवतात. गणित शिकवून निवृत्त झालेले मास्तर. आणि मंगळवार पेठेतून नोकरीसाठी पुण्यात आलेला कोल्हापूरकर. आमच्यात खरं फुटबॉल फक्त त्यालाच येतं, म्हणून त्याचं कोणी ऐकत नाही.

सर ॲलेक्स फर्ग्युसन २०१३ मध्ये निवृत्त झाले तेव्हापासून युनायटेडला नवा मॅनेजर येणं हा आमच्याकडे सणवाराचा भाग झाला आहे. नवं पंचांग आणलं की माणूस आधी आपली रास बघतो. तसा मी आधी विंगचं, म्हणजे मैदानाच्या कडेचं, काय लिहिलंय ते बघतो. मी युनायटेडचा झालो तोच मुळी विंगमुळे. १९९९ ची चॅम्पियन्स लीगची फायनल, समोर बायर्न म्युनिक, रात्रीचे दोन वाजून गेलेले, नव्वद मिनिटं संपलेली, आणि बेकहॅमने घेतलेल्या दोन कॉर्नरवर दोन गोल. डावीकडे पळणारा तो गिग्ज तर आमचाच माणूस, लेफ्ट आऊट. फरक एवढाच, की त्याच्याकडे लोक चेंडू द्यायचे.

फर्ग्युसननंतर पहिले आले डेव्हिड मॉइज. त्यांच्या काळात विंगचं जे झालं ते आमच्या मास्तरांच्या वहीत आहे. ९ फेब्रुवारी २०१४, ओल्ड ट्रॅफर्ड, समोर तळाला गेलेला फुलहॅम. त्या दिवशी युनायटेडने ८१ क्रॉस मारले, म्हणजे कडेवरून गोलसमोर टाकलेले चेंडू. एक्याऐंशी! मास्तर वहीत पाचापाचाच्या रेघा ओढत बसले होते, मध्यंतरानंतर त्यांनी पान उलटलं. लग्नात मागच्या रांगेतले लोक अक्षता टाकतात, त्या नवरानवरीपर्यंत कधी पोचत नाहीत, पुढच्या रांगेतल्या टक्कल पडलेल्या काकांच्या डोक्यावर पडतात. तसंच. इथे काकांच्या जागी डॅन बर्न नावाचा साडेसहा फुटी बचावपटू होता. युनायटेड मंगलाष्टकं म्हटल्यासारखे क्रॉस टाकत होते आणि बर्नसाहेब सगळ्या अक्षता शांतपणे डोक्यावर घेत होते. सामना २-२. बरोबरीचा गोल फुलहॅमने जादा वेळेत केला, आणि तोवर मास्तरांच्या पेनातली शाई संपली होती.

मग लुई व्हान गाल आले. त्यांनी तीन बचावपटूंचा खेळ आणला, पहिलाच सामना घरच्या मैदानावर स्वान्सीकडून हरले आणि दहा दिवसांनी एमके डॉन्सने लीग कपमध्ये चार गोल घातले. तीन बचावपटू म्हटलं की आमचे डॉक्टर अजून अक्कलदाढ दुखावल्यासारखा चेहरा करतात. मधले मॅनेजर मी सोडून देतो, बायको रात्री जेवताना त्यांची नावं ऐकून ऐकून कंटाळली आहे.

तर रुबेन अमोरिम, तोच तो पोर्तुगीज. युनायटेडचा नवा मॅनेजर, तेव्हा वय ३९. लिस्बनच्या स्पोर्टिंगला त्याने एकोणीस वर्षांनी पोर्तुगालचं विजेतेपद मिळवून दिलं, आणि नंतर आणखी एकदा. मँचेस्टरला येण्याचं नक्की झाल्यावर, पण अजून स्पोर्टिंगमध्येच असताना, ५ नोव्हेंबरला त्याच्या संघाने मँचेस्टर सिटीला ४-१ असं धुतलं. त्या रात्री आमच्या सीएने दीक्षा घेतली. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर त्याचा संदेश आला: “३-४-३. बाकी सगळं विसरा.”

“मागे तीन. मध्ये चार. पुढे तीन,” रविवारी चहाच्या टेबलावर त्याने ग्लास मांडले. “मधल्या चारांतले कडेचे दोघं म्हणजे विंगबॅक.”

“आणि विंगर?” मी विचारलं.

“विंगर नाही.”

“नाही म्हणजे?”

“या पद्धतीत ती पोस्टच नाही,” सीए म्हणाला. एखाद्या कंपनीचा एक विभाग बंद झाल्याचं सांगावं इतक्या सहज. “जे विंगर होते त्यांनी एक तर आत यायचं, हाफ स्पेसमध्ये, नाही तर विंगबॅक व्हायचं.”

“हाफ स्पेस म्हणजे काय असतंय?” कोल्हापूरकर.

“बघ. कडेचा पट्टा आणि मधला भाग, यांच्यामध्ये जी अरुंद जागा राहते ना...”

“बोळ.”

“हाफ स्पेस.”

“आरं बोळच की! दोन घरांच्या मधनं जाणारा. आमच्या पेठेत अशा बोळातनंच शिकल्यात पोरं.”

तेव्हापासून आमच्यात तो शब्द रूढ झाला. युनायटेडचा ब्रुनो फर्नांडिस डाव्या बोळात. गार्नाचोला बोळ कळत नाही, तो हमरस्त्यावरचा माणूस. तात्त्विक चर्चेत एक शब्द चपखल बसला की वादाची गोडी वाढते हे मला मान्य आहे. माझं दुखणं वेगळं होतं. पोस्ट माझी गेली होती.

२४ नोव्हेंबरला, रविवारी रात्री दहाला, अमोरिमचा पहिला सामना इप्सविचमध्ये होता. उजवा विंगबॅक म्हणून अमाद डियालो. हा पोरगा मुळात विंगर, बचावाशी त्याचा संबंध माझ्याइतकाच. खेळ सुरू होतो न होतो तोच तो उजवीकडून सुसाट निघाला, चेंडू आत दिला आणि रॅशफर्डने गोल केला. घड्याळात ८१ सेकंद. मास्तरांनी लगेच फोन केला. “एक्याऐंशी!” ते ओरडले. “फुलहॅमला एक्याऐंशी क्रॉस, इथे एक्याऐंशी सेकंद! हा योगायोग नाही!” गणिताचा मास्तर निवृत्त झाल्यावर किती लवकर ज्योतिषाकडे वळतो हे बघून मला वाईट वाटलं. सामना पुढे १-१ असा सुटला, त्याचा अर्थ लावायला त्यांनी पुन्हा फोन केला नाही.

पण सीएला तेवढे ८१ सेकंद पुरले. पुढच्या रविवारी टर्फवर त्याने जाहीर केलं, आपणही ३-४-३.

“आपण सात जण आहोत,” डॉक्टर म्हणाले. “मी गोलमध्ये. राहिले सहा. तीन, चार आणि तीन, दहा होतात.”

“उरलेले चार आपण गृहीत धरू,” सीए म्हणाला.

ज्या माणसाचं आयुष्य ताळेबंद जुळवण्यात गेलं त्याच्याशी अशा बाबतीत वाद घालू नये. सहा जणांत ३-४-३ कसं बसतं ते मला आजतागायत कळलेलं नाही. एवढं नक्की कळलं, की गृहीत धरलेल्या चौघांचं पळणं डाव्या विंगबॅककडे लागतं. म्हणजे माझ्याकडे.

विंगबॅकने काय करायचं? आपल्याकडे चेंडू असला की पार पुढे, समोरच्या गोलच्या कोपऱ्यापर्यंत जायचं. चेंडू गेला की पार मागे, स्वतःच्या गोलच्या कोपऱ्यापर्यंत यायचं. आमच्याकडे चेंडू कधीच दहा सेकंदांहून जास्त टिकत नाही. म्हणजे मी पुढे पोचायच्या आत मागे यायची वेळ झालेली असे आणि मागे पोचायच्या आत पुढून हाका सुरू झालेल्या असत. पहिल्या रविवारी मी मधल्या रेषेवरच शटल रिक्षासारखा दोन्हीकडे तोंड करून उभा राहिलो. तरी गोल झाला की डॉक्टर ओरडत, “डावीकडून आला!” आणि गोल हुकला की सीए ओरडे, “डावीकडे कोणीच नव्हतं!” दोघांचंही खरं होतं.

त्या रात्री पायाला आयोडेक्स लावत मी बायकोला हे समजावून सांगायला बसलो. जेवणाचं टेबल आवरायचं होतं, म्हणून जे समोर होतं तेच घेतलं. आमटीची वाटी, कोशिंबिरीची वाटी आणि ताकाचा तांब्या हे मागचे तीन. मीठ आणि तिखट मध्ये. उजवीकडे तुपाची वाटी. डावीकडे, म्हणजे मी, लिंबाच्या लोणच्याची बरणी.

“आता आपला हल्ला,” मी म्हणालो. “बरणी वर गेली.” बरणी सरकवत मी पार तिच्या ताटापर्यंत नेली. “आता ही इथून क्रॉस टाकणार.”

“आणि इथे?” तिने बरणी होती त्या रिकाम्या जागेवर चमचा ठेवला.

“तिथे... तिथे मग आमटीची वाटी सरकते.”

“मग वाटीच्या जागेवर?” दुसरा चमचा.

“तिथे बरणी परत येते.”

“ती तर माझ्या ताटाशी आहे.”

“पळत येते.”

तिने बरणीकडे बघितलं. मग माझ्या गुडघ्याकडे. “म्हणजे पुढचंही हिनेच बघायचं, मागचंही हिनेच बघायचं. कुठे जरा कमी पडलं की दोन्हीकडून बोलणी हिनेच खायची.”

“हो. हाच तर आधुनिक फुटबॉलमधला सगळ्यात अवघड...”

“यात नवीन काय आहे? ऑफिस आणि तुझी आई धरून मी वीस वर्षं विंगबॅकच आहे,” ती म्हणाली आणि बरणीला झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवून आली. त्यावर माझ्याकडे डावपेच नव्हता.

इकडे अमृततुल्यात वादाला रंग चढत होता. डिसेंबरात सिटीविरुद्ध अमादने शेवटच्या दोन-तीन मिनिटांत आधी पेनल्टी मिळवली आणि मग स्वतः गोल केला, २-१. तेव्हा सीए म्हणाला, बघा विंगबॅक. मी म्हणालो, तो विंगरसारखा खेळला म्हणून गोल झाला. जानेवारीत साउदॅम्प्टनविरुद्ध ८२ व्या मिनिटापर्यंत आम्ही एका गोलने मागे, आणि मग त्याच पोराने एकट्याने तीन गोल केले. रात्री साडेतीनला मी सीएला फोन लावला.

“विंगर,” मी म्हणालो.

“विंगबॅक,” तो म्हणाला आणि फोन ठेवला. लग्नाला बावीस वर्षं झालेल्या दोन सज्जन पुरुषांचं पहाटे एवढंच बोलणं होतं, हे पोलिसांना सांगितलं तर पटणार नाही.

तीनच दिवसांनी ब्रायटनने घरी येऊन ३-१ ने हरवलं. अमोरिम पत्रकारांना म्हणाला, आम्ही बहुधा मँचेस्टर युनायटेडच्या इतिहासातला सर्वात वाईट संघ आहोत. आमच्या डॉक्टरांना हा माणूस त्या दिवशी प्रथम आवडला. “निदान एक्स-रे तरी दाखवतो,” ते म्हणाले. कोल्हापूरकर मात्र हादरला. “आमच्या शाहू स्टेडियमवर कोच असं बोलला असता तर घरला कसा गेला असता? तिथं शिवाजी तरुण मंडळ आणि पाटाकडील तालीम एकमेकांसमोर आली की अख्खं गाव दोन भागांत वाटलं जातंय. आमी हरलो तर रेफ्रीचं चुकलं, वाऱ्याचं चुकलं, चेंडूत हवा कमी होती. आपली टीम वाईट? ह्ये बोलायचं नसतंय भावा.” कोल्हापुरात कुस्तीच्या तालमींनीच फुटबॉलचे संघ उभे केलेत. तिथल्या माणसाला ३-४-३ पेक्षा समोरच्याला उचलून टाकणं जास्त कळतं. त्याचा विंगबद्दलचा सगळा सिद्धांत एका वाक्यात मावतो: “कडंचा पोरगा पळतोय का बघा. पळत नसंल तर कागदावर काय बी लिवा.”

हे वाक्य बोलताना तो माझ्याकडे बघत होता.

फेब्रुवारीत अमोरिमने डाव्या विंगबॅकच्या जागेसाठी इटलीतल्या लेचे संघातून पॅट्रिक डोर्गू नावाचा डॅनिश मुलगा आणला. वय २०. मी एकदम हरखलो. आता सीएलाही पटेल की या जागेला विशीचं पोरगं लागतं. मी तसं सुचवलंही: बाजूच्या टर्फवर कॉलेजची मुलं खेळतात, त्यातलं एखादं उसनं घेऊ. सीएने विचार केला, आणि म्हणाला की बाहेरून माणूस आणला तर संघाची घडी बिघडते. मग त्याने मला डोर्गूच्या पळण्याचे सात व्हिडिओ पाठवले.

तोवर लीगमध्ये आमचं जे व्हायचं ते झालं होतं. मोसम संपला तेव्हा युनायटेड पंधराव्या क्रमांकावर, ३८ सामन्यांत ४२ गुण, १८ पराभव. प्रीमियर लीगमधली ही आमची सर्वात वाईट कामगिरी. मास्तरांनी वही बंद करून रद्दीत दिली. पण युरोपा लीग या युरोपभरच्या क्लबांच्या स्पर्धेत भलतंच चाललं होतं. एप्रिलात फ्रान्सच्या लिऑनविरुद्धचा सामना रात्री साडेबाराला सुरू झाला तो पावणेतीन वाजून गेले तरी संपेना. जादा वेळेत आम्ही २-४ असे मागे पडलो. मग एक पेनल्टी, मग मेनूचा गोल, आणि शेवटच्या मिनिटाला कॅसेमिरोने टाकलेल्या क्रॉसवर हॅरी मॅग्वायरचं डोकं. मॅग्वायर! बचावातला माणूस! अमोरिमने त्याला पुढे पाठवून दिलं होतं. सहा मिनिटांहून थोड्या जास्त वेळात तीन गोल. मी सोफ्यावरून उडी मारली ती पिंडरीला गोळा येऊनच खाली आलो.

“व्यूहरचना कुठली होती ही?” मी ग्रुपवर विचारलं.

बराच वेळ सीए काहीतरी टाइप करत असल्याचं दिसत होतं. शेवटी उत्तर कोल्हापूरकराचं आलं: “नाद खुळा.”

फायनल बिल्बाओला, २१ मे, टॉटनहॅमशी. टॉटनहॅम लीगमध्ये आमच्याहूनही खाली, सतराव्या जागेवर. आपल्याहून गरीब पाहुणा आला की यजमानाला जी ऐट येते ती आम्हा सगळ्यांना आली होती. मी एकटाच हॉलमध्ये आवाज बंद करून बघत होतो. मध्यंतर जवळ आलं असताना बायको पाणी प्यायला उठली आणि तांब्या हातात घेऊन माझ्या मागे येऊन उभी राहिली. त्याच वेळी टॉटनहॅमचा सार आमच्या उजव्या बाजूने मोकळा आला, त्याने क्रॉस टाकला, गोलसमोर ब्रेनन जॉन्सन आणि आमचा ल्यूक शॉ यांच्या पायांत चेंडू घोटाळला आणि हळूच, पाहुणा चपला काढून आत यावा तसा, रेषेपलीकडे गेला.

घरात पंख्याचा तेवढा आवाज होता.

“तुपाची वाटी कुठे होती?” बायकोने विचारलं.

मी वळून बघितलं.

“उजवीकडची. तिथे तुपाची वाटी असते ना? ती पुढे गेली असेल तर आमटीची सरकायला हवी होती. कोणीच सरकलं नाही.” ती पाणी प्यायली. “झोप आता. दुसरा गोल काही होत नाही.”

झाला नाही. ०-१. सहा महिने तीन पुरुष चहाच्या ग्लासांशी झटून जे सांगू शकले नव्हते ते तिने मध्यरात्री तांब्या हातात घेऊन सांगितलं, आणि मी ते ग्रुपवर माझ्या नावाने टाकलं. सीएने त्यावर अंगठा दिला. सहा महिन्यांतला पहिला.

त्यानंतरच्या रविवारी पुण्यात पाऊस होता, त्या वर्षी तो मे महिन्यातच येऊन बसला होता. टर्फवर पाणी साचलेलं. आमच्या तासातली पहिली पस्तीस मिनिटं गेली ती अमोरिमला ठेवावं की घालवावं, यावर. सीए म्हणत होता, पद्धत बरोबर आहे, माणसं चुकीची. मास्तर म्हणत होते, माणसं बरोबर, आकडा चुकीचा. डॉक्टर म्हणाले, मुळापासून काढायला लागेल. राहिलेल्या पंचवीस मिनिटांत खेळायला उतरलो तेव्हा समोरचा संघ गारठून गेला होता.

शेवटची दोन मिनिटं असतील. ३-३. चेंडू कसा कोण जाणे डावीकडे आला आणि मीही कसा कोण जाणे तिथे होतो, पार पुढच्या कोपऱ्यात. मी डोळे मिटून क्रॉस टाकला. अक्षतांसारखा नव्हे, चांगला गरगरीत. कोल्हापूरकराने डोकं लावलं, चेंडू खांबाला लागून परत आला आणि समोरच्यांचा सर्वात तरुण मुलगा तो घेऊन आमच्या गोलकडे निघाला. माझ्या बाजूने. पूर्ण डावी बाजू त्याला मोकळी, मधोमध फक्त पाऊस.

“परत ये!” सीए किंचाळला. “बरणी! परत ये!” (ते बरणीचं मी एकदा नको तिथे बोललो होतो.)

मी वळलो. समोर एवढं मोठं हिरवं मैदान. आणि माझ्या अगदी हाताशी, जाळीच्या पलीकडे, प्लॅस्टिकच्या कागदाखाली एक चहावाला स्टोव्ह पेटवत होता. आलं ठेचल्याचा वास आला.

मी जाळीला टेकून उभा राहिलो.

“अर्धा द्या,” मी म्हणालो.